मथुराच्या फाईलचा पासवर्ड

वाशी, ११ एप्रिल १९८८

सौ. अयोध्यास,

पाकीट फाडून टाकण्याआधी एवढं वाच की हे पत्र तुला परत बोलवायला लिहिलेलं नाही. मला एक शब्द हवा आहे. तो तुलाच सुचेल असं वाटतं, म्हणून लिहितोय.

तुला कुणी सांगितलं असेल किंवा नसेल. शिमग्याच्या आदल्या दिवशी नळदुर्गच्या अलीकडं एका ट्रकनं माझ्या मोटारसायकलीला धक्का दिला. ढाब्यावरच्या लोकांनी उचलून सोलापूरला नेलं. सव्वीस दिवस दवाखान्यात होतो. खांद्याचं हाड जुळलं. डोक्यातलं मात्र काही काही गेलं. लहानपणचं सगळं आठवतं, आपलं लग्न आठवतं, गेल्या उन्हाळ्यातलं तर विसरावं म्हटलं तरी विसरत नाही. पण संक्रांतीपासून पुढचे दोन महिने कुणीतरी ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तसे पुसट झालेत. त्या दिवशी मी नळदुर्गच्या रस्त्याला कशाला गेलो होतो तेही आठवत नाही. आपल्या पाणी संघाचं काम त्या बाजूला नसतंच.

संघाचा कम्प्युटर तू पाहिलायस. नवा आला तेव्हा मथुराला कडेवर घेऊन तू बघायला आली होतीस आणि ती म्हणाली होती, "ह्या टीव्हीत चित्रं का न्हाईत?" त्याच मशीनमध्ये बावीस गावांच्या विहिरींची मापं असतात. मी गावोगाव दोरी सोडून पाणी मोजायचं, आकडा मशीनला भरायचा आणि त्यावरून संघाचा टँकर कुठं जायचा ते ठरायचं. ज्या विहिरीत सहा फुटांच्या वर पाणी, त्या गावाला टँकर नाही.

जानेवारीत मी त्या मशीनमध्ये एक वेगळी फाईल केली. तिला मथुराचं नाव दिलं. गेल्या उन्हाळ्यात विहिरींचं खरं पाणी किती होतं, मशीनला किती भरलं आणि कुणाच्या सांगण्यावरून भरलं, ते सगळं तारीखवार त्यात आहे. एवढं नक्की आठवतं, कारण ते थंडीचे दिवस होते आणि टाईप करताना बोटं वाकत नव्हती. ज्या डायरीवरून मी ते उतरवलं ती डायरी नंतर कोंडीराम अण्णांनी मागून नेली. संचालकांना नाही कसं म्हणायचं? परत दिली नाही. म्हणजे आता जे आहे ते त्या फाईलीतच.

आणि ती उघडत नाही. उघडायला गेलं की मशीन पासवर्ड मागतं. पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द. तो मीच घातला, आणि तो मला आठवत नाही.

वाडीतल्या भिमाबाईनं तिच्या सासऱ्याच्या, तात्यारावाच्या, गेल्या उन्हाळ्यातल्या मरणाबद्दल जो अर्ज केला होता त्याची चौकशी जूनमध्ये लागली आहे. अधिकारी इथं संघात येणार आहेत. तोवर मला ती फाईल उघडायची आहे. बारा वर्षं तू माझ्याबरोबर राहिलीस. मी कुठला शब्द धरला असेल? जे सुचेल ते कळव. एका कार्डावर नुसते शब्द लिहून पाठवलेस तरी चालेल, बाकी काही लिहू नकोस.

बब्रुवान


वाशी, २४ एप्रिल १९८८

अयोध्या,

उत्तर नाही. येईल असं धरलंच नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की उठून उभा राहतो.

मी आतापर्यंत काय काय घालून पाहिलं ते लिहितो, म्हणजे तुला तेच शब्द पुन्हा लिहावे लागणार नाहीत. तुझं नाव, माझ्या आईचं नाव, मथुराचं. मथुराची जन्मतारीख उलटी-सुलटी. आपल्या म्हशीचं नाव. वाडीचं नाव, तुझं माहेर सास्तूर, तुझ्या वडिलांचं नाव. मथुरा चिमणीला 'चिम्बी' म्हणायची, तेही घातलं. मशीन इंग्रजी अक्षरं घेतं, त्यामुळं एकच शब्द चार तऱ्हेनं लिहिता येतो. शेजारी वही ठेवून एकेक खोडत जातो. दर वेळी स्क्रीनवर तीच ओळ येते की शब्द चुकीचा आहे. एखाद्या दारासमोर उभं राहून आत माणूस आहे हे ठाऊक असावं आणि त्यानं ओळख देऊ नये, तसं होतं.

गंमत अशी की मशीन सुरू करायचा पासवर्ड मला आठवत नव्हता, तरी ते सुरू झालं. दवाखान्यातून आल्यावर पहिल्या दिवशी मी खुर्चीत बसलो, डोक्यात काहीच नव्हतं, आणि बोटांनी आपणहून सात अक्षरं दाबली. मापांच्या रजिस्टरचंही तसंच. दोन वर्षांची सवय. मग मी रीतसर दोन्ही शब्द आठवून, बदलून, पाकिटात घालून अध्यक्षांच्या कपाटात ठेवले. ते नीट झालं. पण मथुराची फाईल मी एकदा बंद केली ती परत उघडलीच नव्हती बहुतेक. बोटांना तिथं वाट नाही.

परवा कोंडीराम अण्णा ऑफिसात आले. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. असे कधी बसत नाहीत.

"तब्येत कशी हाय, बब्रुवान?"

"बरी आहे."

"डोस्क्याला ताण देऊ नगंस. डाक्टर काय म्हनला? आठवत न्हाय न्हवं काय काय?"

"काही काही नाही आठवत."

"मंग तेच सांगायचं सायबाला. आठवत न्हाय म्हनून. आन् ते खोटंबी न्हाय."

पाठीवर हात ठेवून गेले. त्या हातात काहीच जड नव्हतं, तरी संध्याकाळपर्यंत माझा तो खांदा दुखत होता. मोडलेला तर दुसरा होता.

तुला मी कधी स्पष्ट सांगितलं नाही, पण तुला अंदाज असेल. गेल्या साली वैशाखात आपल्या वाडीच्या विहिरीचा आकडा अण्णांनी सांगितला तसा भरला गेला. टँकर वाडीला येईना तो त्यामुळं. तो त्यांच्या मोसंबीच्या बागेला जात होता. हे त्या फाईलीत आहे. म्हणून ती उघडायला हवी. बाकीचं फाईल उघडल्यावर तूच वाच. माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते बरं.

बब्रुवान


वाशी, ९ मे १९८८

अयोध्या,

काल सोलापूरला जाऊन आलो. ज्यांनी आम्हांला गेल्या साली कम्प्युटरचं पुढचं शिकवलं त्या सरांकडं. तेच ते शिक्षण, आठ दिवसांचं. तारखा तुला माहीत आहेत, मी लिहीत नाही.

सर चांगला माणूस. मी फ्लॉपीवर फाईल नेली होती. फ्लॉपी म्हणजे हाताच्या पंजाएवढी चौकोनी काळी पातळ तबकडी, तिच्यावर मशीनमधलं उतरवून नेता येतं. सरांनी दुपारभर डोकं घातलं. मी समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो, दवाखान्यात डॉक्टरकडं बघतात तसं. शेवटी ते चष्मा पुसत म्हणाले, "बब्रुवान, तुम्ही शिकवलेलं फारच नीट शिकलात. आतला मजकूरच तुम्ही त्या शब्दानं उलटापालटा केलाय. शब्दाशिवाय हा नुसता कचरा आहे. माझ्याच्यानं नाही होणार, आणि कुणी करून देतो म्हणाला तर त्याच्या हातात ही देऊ नका. पुसून टाकायला एक मिनिट लागत नाही."

मग त्यांनी विचारलं, "पण मी तेव्हा वर्गात सांगितलं होतं ना? पासवर्ड मशीनला चिकटवायचा नाही, टेबलाच्या काचेखाली ठेवायचा नाही, ऑफिसात कुणाच्या कानात सांगायचा नाही. पण डोक्यावरही सगळा भरवसा ठेवायचा नाही. कागदावर लिहायचा, बंद पाकिटात घालायचा, तोंडावर सही करायची आणि ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाकडं द्यायचा. त्या माणसाला आत काय आहे ते कळायची गरज नाही. तुम्ही दिला असणार. तुम्ही तसे आहात. आठवा, कुणाकडं दिलाय?"

परतीच्या एस.टी.त मी तुळजापूरपर्यंत एकेक माणूस आठवत आलो. संघात कुणाकडं देणं शक्य नाही. भावाकडं नाही, तो अण्णांच्या पॅनेलमधला. भिमाबाईला वाचता येतं, पण तिच्या घरी तर मला त्यानंतर पाय ठेवता आलेला नाही. असा एक माणूस राहतो.

अयोध्या, मी तुझ्याकडं काही पाठवलं होतं का? फेब्रुवारीत? मला खरंच आठवत नाही. पाठवलं असेल आणि तू ठेवलं असशील, तर तसंच ठेव, टपालानं पाठवू नकोस. मी माणूस पाठवतो. किंवा तू म्हणशील तर बांधापर्यंत मी येतो, घरात येणार नाही.

चौकशी १५ जूनला आहे, सकाळी अकराला, संघाच्या हॉलमध्ये.

बब्रुवान


वाशी, २३ मे १९८८

अयोध्या,

तुझं कार्ड आलं. अकरा महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. तू लिहिलंस ते मला आता पाठ झालं आहे, पासवर्डापेक्षा चांगलं. 'पाकीट आलं होतं. गोरोबा कंडक्टरनं आणून दिलं, महाशिवरात्रीच्या दिवशी. तोंडावर तुमची सही होती. मला वाटलं, माफी मागितली असंल. मी उघडलं नाही, चुलीत घातलं. शब्द माझ्यापाशी न्हाई. त्यात काय आहे ते मशीनला कशाला विचारता. तुम्हाला ठाऊक आहे ते तोंडानं सांगा.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुझा राग आला. खोटं का बोलू? मी कार्ड घेऊन ऑफिसच्या मागं गेलो आणि तिथं रिकाम्या ड्रमावर बसून राहिलो. एक पाकीट. चार बोटांचा कागद. चूल पेटवायला दुसरं काही नव्हतं का, असंही मनात आलं. मग कळलं की शिमग्याआधी मी नळदुर्गच्या रस्त्यानं कुठं निघालो होतो. पाकिटाचं उत्तर आलं नाही म्हणून तुझ्याकडं निघालो असणार. दुसरं काही कारण सुचत नाही.

राग दुपारपर्यंतच टिकला. तुझी चूक नाही. मी पाकिटावर आत काय आहे ते लिहिलं नसणार. आठ महिने एक शब्द न बोलता, अचानक सही केलेलं पाकीट पाठवणाऱ्या माणसाचं पाकीट कुणीही जाळेल.

तू म्हणतेस तोंडानं सांगा. तोंड नाही, पण हात आहे. सांगतो.

मागच्या पत्रात मी लिहिलं की आकडा 'भरला गेला'. तो मी भरला. वैशाखातल्या दुसऱ्या सोमवारी मी आपल्या विहिरीत दोरी सोडली तेव्हा पाणी दीड फूट होतं. दीड फूट, तेही हिरवं. ऑफिसात आलो तर अण्णा माझ्या खुर्चीमागं उभे. म्हणाले, "अकरा लिही." मी म्हणालो, "अण्णा, माझंच गाव आहे." ते म्हणाले, "म्हनूनच तर. तुझ्या गावावर कुनी शक घेनार न्हाय. पुढच्या मीटिंगला तुला नोकरीत कायम करायचा ठराव मांडतो." मी अकरा लिहिलं. वेळ किती लागला सांगू? दोनदा एकचं बटण दाबायला जेवढा लागतो तेवढा.

हे एवढंच असतं तर मी तुला तेव्हाच सांगितलं असतं, असं मी स्वतःला आजवर सांगत आलो. ते खरं नाही. मी सांगितलं नाही ते कॅनमुळं.

ऑफिसच्या टाकीतून मी रोज वीस लिटरचा कॅन सायकलला बांधून घरी आणायचो, आठवतं? तू म्हणायचीस, एवढा भार कशाला, विहिरीला आहे की थोडं. आणि त्यातलं अर्धं तू तात्यारावाच्या घरी द्यायचीस, त्यावरून मी तुझ्यावर ओरडायचो. मी का ओरडतो ते तुला कळायचं नाही. मला विहिरीत काय आहे ते माहीत होतं, अयोध्या. मी हिशोब असा केला होता की बाकीचे काहीही पितील, माझ्या घरात कॅनचं पाणी येईल. आपली पोरगी त्या विहिरीचं पाणी पिणार नाही, मग आकडा अकरा असला काय आणि दीड असला काय.

मग सोलापूरच्या शिक्षणाचं पत्र आलं. आठ दिवस. मी खुशीत गेलो. जाताना तुला एवढंसुद्धा म्हणालो नाही की विहिरीचं पाणी उकळून घे. म्हणालो असतो तर तू विचारलं असतंस, का? आणि मग मला आकडा सांगावा लागला असता. त्या भीतीनं मी काही न बोलता बसमध्ये बसलो. तिथं मी पासवर्ड कसा ठेवावा ते शिकत होतो, आणि इथं तू विहिरीच्या तळातून वाटी-वाटीनं घागर भरत होतीस.

निरोप मिळून मी आलो तेव्हा मथुराला पुरून मातीवर बोरीच्या काट्या टाकून झाल्या होत्या. तू माझ्याकडं बघून एवढंच म्हणालीस, "दोन दिवस जुलाब-उलट्या, पानी पानी करत हुती आन् म्या तेच पाजत हुते." मी तेव्हाही गप्प राहिलो. तू स्वतःला दोष देत राहिलीस आणि मी देऊ दिला. तू घर सोडलंस ते माझ्या गप्प बसण्यामुळं, असं लोक म्हणतात. लोकांना वाटतं मी दुःखानं गप्प होतो.

तुझा दोष नव्हता. हे एक वाक्य मी वर्षभर तुझ्यापासून ठेवून घेतलं.

फाईलीत अण्णांचं नाव आहे, टँकरच्या खेपा आहेत, बागेतल्या तारखा आहेत. माझा कॅन त्यात आहे की नाही ते मला आठवत नाही. बहुतेक नसेल. मी माझी माणसं ओळखतो, त्यात मीही आलो.

उत्तर लिहू नकोस.

बब्रुवान


वाशी, १८ जून १९८८

अयोध्या,

तू येशील असं मला स्वप्नातही आलं नसतं. तू मागच्या बाजूला बसली होतीस, तिथून पुढचं सगळं ऐकू आलं असेल की नाही, म्हणून लिहितो. आणि मलाही एकदा ओळीनं लिहून बघायचं आहे, कारण हेही पुसलं गेलं तर?

साहेबांनी मला पहिल्यांदा फाईल दाखवायला सांगितली. मी मशीन सुरू केलं, फाईल मागितली, स्क्रीनवर शब्द मागणारी ओळ आली. साहेबांनी विचारलं, "फाईल तुमची, पासवर्ड तुमचा, आणि उघडत तुम्हालाच नाही?" हॉलमधले लोक हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी माझ्या डोक्याकडं बोट करून साहेबांना हळू आवाजात काही सांगितलं, आणि साहेबांनी मान हलवली. मी तेव्हाच संपलो होतो. "आठवत नाही" हे माझ्या ओठांवर आलंही होतं. अण्णांनी शिकवलेलं, आणि खोटंही नाही.

तेवढ्यात तू उठलीस.

"पाकीट म्या जाळलं, सायब. सबुद त्यात हुता."

"आपण कोण?"

"मथुराची आई."

साहेबांनी कागद चाळले. त्यांना मथुरा कोण ते कळेना. ते म्हणाले, "बाई, आपलं म्हणणं काय आहे?"

"माजं कायी म्हननं न्हाई. मशीन बंद करा आन् ह्यास्नी तोंडानं सांगू द्या."

मी सांगितलं. दीड फूट आणि अकरा फूट. अण्णा खुर्चीमागं उभे होते ते. मोसंबीची बाग. मग मी कॅनचं सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं. मला वाटत होतं की एकदा सगळं बोललो की छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं काही झालं नाही. बोलताना मी भिमाबाईकडं बघत होतो. वर्षभर ती एकटी कचेरीच्या पायऱ्या झिजवत होती, आणि तिला वाटत होतं की मी तिच्या बाजूचा आहे.

ती म्हणाली, "म्हंजी तुला म्हाईत हुतं. म्हनून कॅन आनत हुतास व्हय?"

मी व्हय म्हणालो.

"आन् आमी म्हनायचो, अयोध्याचा नवरा लई मायेचा हाय."

एवढं बोलून ती खाली बसली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तू बाहेर पडलीस तेव्हा मी मागं आलो. स्टँडवर तुळजापूरची गाडी लागलेली होती. तू माझ्याशी बोलणार नाहीस असं धरून मी चार हात लांब उभा राहिलो. तू पायरीवर पाय ठेवून मागं वळलीस आणि विचारलंस, "पोरीचं नाव लिवलं का त्येंनी?"

मला माहीत नव्हतं. मी सही करताना वाचलंच नव्हतं. गाडी गेल्यावर धावत हॉलवर आलो, तर साहेबांची जीप निघून गेली होती. संघाच्या कारकुनाकडं जबाबाची नक्कल होती. त्यात लिहिलंय, 'अर्जदार हिचे सासरे व अन्य एक बालिका मयत.'

अन्य एक बालिका.

बब्रुवान


वाशी, २९ जुलै १९८८

अयोध्या,

जे झालं ते सांगतो. अहवाल आला. 'सदर फाईल उघडता न आल्याने ती पुराव्यात धरता येत नाही. ऑपरेटरने चुकीची नोंद केल्याचे स्वतः कबूल केले आहे. त्याची प्रकृती पाहता इतरांविषयीच्या त्याच्या म्हणण्यास अन्य आधार नाही.' म्हणजे दोषी एक, मी. त्यावर माझी तक्रार नाही. अण्णा संचालक आहेत आणि पुढच्या निवडणुकीत अध्यक्ष होतील असं म्हणतात. भिमाबाईला चार ओळींचं पत्र आलं. ते तिनं मला दाखवलं नाही, दारातूनच तेवढं सांगितलं.

मला संघानं काढलं. माझ्या जागी लातूरचा एक शिकलेला माणूस आला आहे. मी त्याला मशीनचे दोन्ही पासवर्ड रीतसर समजावून दिले, बदलायला लावले, आणि विनंती केली की मथुरा नावाची फाईल तेवढी राहू द्या, जागा फार खात नाही. त्यानं हो म्हटलं. आठ दिवसांनी गेलो तर म्हणाला, अण्णा म्हणाले उघडत नाही ती कशाला ठेवायची, पुसली. सोलापूरला नेलेली फ्लॉपी माझ्याकडं आहे. दवाखान्यातून आल्यापासून वापरलेली ती वहीही आहे. तिच्यात आता चारशेच्या वर शब्द खोडलेले आहेत. मशीन नाही, त्यामुळं पुढं घालून बघायचं कुठं हा प्रश्न आहे. हल्ली मी शब्द आठवायचा प्रयत्नही करत नाही. त्यात जे होतं ते मी बोलून दाखवलं आणि त्यानं काही हललं नाही. शब्द सापडला असता तरी मथुरा गेलेलीच असती, हे मला एवढ्या खटाटोपात कधी नीट दिसलं नव्हतं.

पण तुझ्या प्रश्नासाठी मी उस्मानाबादला तीन वेळा गेलो. तिथं साहेबांच्या कचेरीत गुरुलिंग नावाचे कारकून आहेत, उमरग्याकडचे. पहिल्यांदा म्हणाले, जबाबात आता काय घालता येत नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, प्रकरण बंद झालंय, जा. परवा तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मी काही मागितलं नाही, नुसता बाकावर बसून राहिलो. दुपारी त्यांनी डबा खाल्ला, हात धुतले आणि मला हाक मारली.

"काय लिहायचंय ते अर्जात लिहा. मी आवक नंबर देतो आन् फाईलीला टाचतो. कुनी वाचंल असं समजू नगा."

मी लिहिलं: 'सदर प्रकरणात अन्य एक बालिका असा उल्लेख आहे तिचे नाव मथुरा. वय पाच वर्षे दोन महिने. आई अयोध्या. विहिरीचे पाणी प्याल्याने मयत.' तुला न विचारता तुझं नाव घातलं. नको असेल तर कळव, मी चौथ्यांदा जाईन.

गुरुलिंगनी वाचलं आणि बोट ठेवलं. म्हणाले, "अर्जदाराचा मयताशी संबंध? ते लिहायचं राहिलं."

मी लिहिलं: 'वडील, आणि माप लिहिणारा.'

"एकच लिहा," ते म्हणाले. "दोन चालत न्हाईत."

मी दोन्ही राहू दिले. त्यांनी शिक्का मारला आणि कागद टाचला.

बब्रुवान